मैलाकुंडातील विषारी वायू : अनुभव, नाम आणि ज्ञान

कामकऱ्यांच्या व्याधींवरील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये मोदेना येथे प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची प्रेरणा त्यांना स्वतःच्या घरच्या शौचकूपापाशी मिळाली. तो उपसणारा मजूर विलक्षण घाई करीत होता. कारण विचारता, चार तासांहून अधिक वेळ आत राहणे म्हणजे आंधळे होणेच, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. अशा मजुरांच्या खिशातील तांब्याची व चांदीची नाणी काळी पडतात, हेही रामाझ्झिनींनी नोंदविले. हायड्रोजन सल्फाइड या वायूचे शेले यांनी केलेले वर्णन १७७७ मधले. नाण्यांचा काळेपणा याच वायूचा धातूवरील परिणाम होय.

पॅरिसच्या मैला उपसणाऱ्यांनी मात्र रसायनशास्त्राची वाट पाहिली नाही. डोळ्यांच्या दाहास ते 'मित' म्हणत आणि गुदमरून अकस्मात कोसळण्यास 'प्लों', म्हणजे शिसे. छातीवर शिशाचा भार पडावा तशी ती अवस्था. ज्यां नोएल हाले या वैद्याने १७८५ च्या आपल्या प्रबंधात या दोन्ही विकारांचा परामर्श घेतला आहे. ही नामे द्रव्याची नव्हेत, देहानुभवाची आहेत. तथापि त्यांतील भेद यथार्थ आहे. अल्प प्रमाणात हा वायू डोळ्यांना झोंबतो, अधिक प्रमाणात श्वसनक्रियाच बंद पाडतो. शिवाय हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की घ्राणशक्ती बधिर होते. म्हणून दुर्गंध नाहीसा होणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानणे घातक ठरते. हवेहून जड असल्याने तो तळाशी साचतो, आणि पडलेल्यास वाचविण्यास उतरलेला सहकारीही बळी पडतो.

भारतात हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारे व सेप्टिक टाक्या माणसांकरवी साफ करविणे दंडनीय ठरविले. अशा मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली व २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत.

अशा घटनांच्या वृत्तांत 'गुदमरून मृत्यू' हा शब्दप्रयोग रूढ आहे. तो मृत्यूचा प्रकार सांगतो. टाकीत कोणी व कोणत्या साधनांवाचून उतरविले, हे सांगत नाही. पॅरिसच्या मजुरांनी घडविलेले शब्द सहकाऱ्यास सावध करीत. आपला शब्द घटना घडून गेल्यावर येतो. धोक्याचे ज्ञान मजुरांपाशी तीन शतकांपूर्वीच होते. म्हणून आज अशा मृत्यूस अज्ञान हे कारण सांगता येणार नाही. त्याचे उत्तरदायित्व काम सांगणाऱ्याकडेच जाते.