‘हे राम’: साक्ष, श्रवण आणि संहिता

राजघाटावरील काळ्या दगडावर कोरलेल्या दोन शब्दांना इतिहासाचा आधार काय, हा प्रश्न महाराष्ट्रात सहसा प्रश्न म्हणून विचारला जात नाही. विचारणाऱ्याचा पक्ष आधी ठरतो आणि मग साक्षीदार निवडले जातात. परिणामी ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळविषयी उपलब्ध असलेली निवेदने ‘संहिता’ म्हणून क्वचितच वाचली गेली आहेत. निवेदक कोण, तो कोठे उभा होता, केव्हा बोलला आणि कोणत्या लेखनप्रकारात बोलला, हे समीक्षकाला परिचित असलेले प्रश्न येथे इतिहासकाराच्याही उपयोगी पडावेत.

कालदृष्ट्या सर्वांत जवळचा दस्तऐवज म्हणजे नंदलाल मेहता यांच्या जबानीवरून तुघलक रोड पोलीस ठाण्यात त्याच दिवशी उर्दूत नोंदविलेली फिर्याद. गांधीजी ५ वाजून १० मिनिटांनी बिर्ला भवनातील आपल्या खोलीतून प्रार्थनास्थळाकडे निघाले, दोन-तीन फुटांच्या अंतरावरून तीन गोळ्या झाडल्या गेल्या आणि ‘राम, राम’ म्हणत ते मागे कोसळले, असे तीत आहे. फिर्यादीची भाषा ही बोलणाऱ्याची आणि लिहून घेणाऱ्याची अशी दुहेरी असते. तिची चौकट ठरलेली असते. परंतु वेळ, अंतर आणि गोळ्यांची संख्या हवी असणाऱ्या या चौकटीला मरणाऱ्याच्या नामोच्चाराची काहीच गरज नव्हती. गरज नसताना आलेला तपशील संशोधकाने अधिक गांभीर्याने घ्यावयाचा असतो.

दुसरे निवेदन मनुबेन गांधी यांचे. त्या हाताच्या अंतरावर होत्या. मारेकऱ्याने त्यांना बाजूस ढकलले, हातातील वही, पिकदाणी व माळ खाली पडली आणि पाठोपाठ गोळ्या सुटल्या. त्यांच्या लेखनात शब्द येतात ते ‘हे राम’ असे, तुटत गेलेल्या उच्चारासह. मात्र याच लेखनात आदल्या रात्रीचे, २९ जानेवारीचे संभाषणही आहे. आपण रोगाने मेलो तर आपल्याला खोटा महात्मा समजावे. कोणी गोळी घातली आणि ती रामनाम मुखी असताना झेलली तरच आपण खरे, असा त्याचा आशय आहे. संशयवादी वाचक येथेच बोट ठेवतो. ज्या कानांनी रात्री भाकीत ऐकले, त्यांनी सायंकाळी त्याची पूर्ती ‘ऐकली’, असे तो म्हणतो.

आक्षेप वजनदार आहे, पण तो अर्ध्यावरच थांबतो. ते भाकीत ऐकणाऱ्याचे नव्हते, बोलणाऱ्याचे होते. बालपणी रंभा दाईने दिलेले रामनाम ज्याने आयुष्यभर जपले आणि तशा मृत्यूची इच्छा आदल्याच रात्री उच्चारली, त्याच्या तोंडी तो शब्द येण्याची शक्यता त्याच पूर्वपीठिकेने वाढते. म्हणजे अपेक्षेचा युक्तिवाद दोन्ही बाजूंना कापतो. शिवाय रात्रीच्या त्या खाजगी संभाषणाची छाया मेहतांच्या जबानीवर पडल्याचे दाखविता येत नाही. एकाचा ‘राम, राम’ आणि दुसरीचा ‘हे राम’ ही तफावत दोष मानली जाते. वस्तुतः संगनमत नसल्याची ती खूण आहे. ठरवून सांगणाऱ्यांनी शब्द तरी जुळवून घेतले असते.

विरोधी बाजूस गोपाळ गोडसे यांचे नाव घेतले जाते. ते घटनास्थळी नव्हते, एवढे सांगून पुढे जाणे पुरे. व्ही. कल्याणम् यांचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. गांधीजींचे हे सचिव त्यांच्या अगदी निकट होते. गांधीजींनी ‘हे राम’ म्हटलेच नाही, असे विधान २००६ मध्ये त्यांच्या नावावर प्रसिद्ध झाले; २०१८ मध्ये त्यांनी खुलासा केला की आपण ‘ऐकले नाही’ एवढेच म्हटले होते. ‘म्हटले नाही’ आणि ‘ऐकले नाही’ या दोन क्रियापदांतील अंतर बारा वर्षे वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी बुजवून टाकले होते. गोळीबाराच्या कल्लोळात एकाला न ऐकू येणे हे दुसऱ्याच्या ऐकण्याचे खंडन होत नाही.

कानांचा भरवसा किती धरावा, हे अमेरिकन पत्रकार व्हिन्सेंट शीन यांच्यावरून कळते. प्रार्थनास्थळी हजर असलेल्या या अनुभवी वार्ताहराने चार आवाज ऐकल्याचे लिहिले. न्यायालयाने तीनच गोळ्या मानल्या. पुढे ‘चौथ्या गोळी’च्या आधारे फेरतपासाची याचिका झाली व ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये फेटाळली. शीन खोटे बोलत नव्हते. त्यांचे वर्णन स्वतःच्या मनात उसळलेल्या क्षोभाचे आहे, आणि क्षोभाला मोजदाद जमत नाही. पण गोळी, काडतूस, जखम यांच्याशी ताडून आवाजांची संख्या तपासता येते. उच्चारलेला शब्द मागे काहीही ठेवत नाही.

मारेकऱ्यास कोणी पकडले, याविषयीच्या कथा मात्र वरवर जितक्या परस्परविरोधी दिसतात तितक्या नाहीत. अमेरिकन वकिलातीतील हर्बर्ट रायनर, हवाई दलातील देवराज सिंग, खुरपे घेऊन धावलेला माळी रघू नायक. प्रत्येकाच्या बाजूने सांगणारे आहेत. काही क्षणांच्या झटापटीत तिघांचेही हात पडले असणे शक्य आहे. ‘प्रथम कोण’ हा प्रश्न घटनेतला नसून सन्मानाच्या वाटपातला आहे. आपण पळण्याचा प्रयत्न केला नाही, हे नथुराम गोडसे याचे न्यायालयातील प्रतिपादन निराळ्या जातीचे ठरते. ज्याला क्षणार्धात धरले गेले त्याच्या न-पळण्याची परीक्षा झालीच नाही. ते निवेदन नायकत्वाच्या रचनेचा भाग आहे, आणि मराठी रंगभूमीने पुढे तेच उचलावे यात आश्चर्य नाही.

तेव्हा नामोच्चार झाला असावा, असे प्रमाणांचे पारडे सांगते. नेमके शब्द कोणते, हे ते सांगत नाही. प्यारेलालांच्या चरित्रग्रंथातही ‘राम, राम’ हेच रूप आहे. दगडावर गेले ते मनुबेनचे संबोधन, हाकेतला ‘हे’ जपणारे. मेहतांची द्विरुक्ती, जी उत्तरेकडच्या गावोगावी नमस्कार म्हणूनही बोलली जाते आणि प्रेतयात्रेतही, ती पोलीस ठाण्याच्या कागदात राहिली.