आंत्रजन्य मृदू ऊतक कोथ

आतड्यातील सूक्ष्मजंतू त्याच्या भित्तीबाहेर पडून त्वचेखालील मेद, प्रावरणी (स्नायूंवरील तंतुमय आवरण) व क्वचित स्नायू यांत पसरल्याने होणारा ऊतकनाश. हा उपद्रव विरळा, पण अत्यंत मारक आहे. फुटलेले आंत्रपुच्छ, क्रॉन रोगातील नालव्रण, बृहदांत्राचा कर्करोग व गुदाजवळील विद्रधी (गळू) ही त्याची प्रमुख उगमस्थाने होत. मूळ रोग उदरात आणि लक्षणे मात्र जांघेत, मांडीवर वा उदरभित्तीवर आढळत असल्यामुळे हा संबंध ओळखण्यास दीर्घ काळ लागला.

झां आल्फ्रेद फूर्न्ये या पॅरिसच्या वैद्यांनी १८८३ मध्ये पाच निरोगी तरुणांच्या जननेंद्रियांना अकस्मात झालेल्या कोथाचे वर्णन केले. त्यांना कारण सापडले नाही. त्यांचेच नाव मिळालेल्या या विकाराचा उगम पुष्कळदा गुदमार्गातील पूयजनक विकारात असतो, हे पुढे आढळून आले.

आंत्ररोगाशी असलेले नाते अधिक स्पष्ट झाले ते आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियांमुळे. छिद्र पडलेल्या आंत्रपुच्छावरील शस्त्रक्रियेनंतर जखमेभोवतीची त्वचा हळूहळू मरत जाई व व्रण उदरभित्तीवर वाढत राही. जॉर्ज ब्रूअर व फ्रँक मेलेनी यांनी १९२६ मध्ये अशा विकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्रणातून मिळालेले स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस हे जंतू प्राण्यांना एकत्र टोचल्यास कोथ होई. एकेकटे टोचल्यास तसा होत नसे. एका रोगास एकच जंतू, या तत्कालीन दृढ समजुतीस हा धक्काच होता. हा विकार मंदगती होता. प्रावरणीत झपाट्याने पसरणाऱ्या कोथास बी. विल्सन यांनी १९५२ मध्ये ‘नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस’ हे नाव दिले.

क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा अवायुजीवी जंतू पाश्चर व झूबेर यांना १८७७ मध्येच आढळला होता. त्याच्या संसर्गाचा मारक अर्बुदांशी असलेला संबंध अल्पर्न व डावेल यांनी १९६९ मध्ये दाखविला. बृहदांत्राच्या कर्करोगाने क्षत झालेल्या भित्तीतून तो रक्तात शिरतो आणि कोणतीही इजा नसलेल्या दूरच्या स्नायूतही वायुकोथ उत्पन्न करतो. याउलट, बृहदांत्रामागे साचलेला पू मेरुदंडालगतच्या सोआस स्नायूवरून थेट मांडीत उतरतो.

प्रारंभी त्वचा जवळजवळ प्राकृत दिसते, वेदना मात्र असह्य असतात. येथेच निदान चुकते. त्वचा दाबल्यावर वायूमुळे करकर जाणवल्यास संशय बळावतो. मृत ऊतक तातडीने व आवश्यक तर पुनःपुन्हा कापून काढतात. प्रतिजैव औषधे जोडीला देतात. सीटी स्कॅनने उदरातील उगम शोधता येतो. तो बंद न केल्यास जखम पुन्हा दूषित होते, म्हणून रोगग्रस्त आतडे काढणे किंवा बृहदांत्राचे तोंड उदरभित्तीवर उघडून मल तात्पुरता वळविणे भाग पडते.