कोचला कोण विचारणार?

मागच्या रमजानच्या आधी माझा एक जुना विद्यार्थी नारपोलीतल्या घरी आला. बसायच्या आधीच त्याने खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. नावाखाली लिहिलं होतं, ‘सर्टिफाइड लाइफ कोच’. मुलगा हुशार. वडिलांचं आयुष्य पॉवरलूमवर गेलं, मीटरच्या हिशोबाने मजुरी. दहावीला मराठीत ७१ मार्क घेऊन गेला होता, उर्दू माध्यमाच्या पोरासाठी ते कमी नव्हेत. मग बी.कॉम., मग अंजूरफाट्याकडच्या एका गोदामात नोकरी. आणि आता हे कार्ड.

“किती दिवसांचा कोर्स?” मी विचारलं.

“दोन दिवसांचा, सर. शनिवार-रविवार. हॉटेलच्या हॉलमध्ये होता.”

“आणि फी?”

त्याने आकडा सांगितला. त्याचे तीन पगार गेले होते, त्यातला एक उधारीचा. मी काही बोललो नाही. चहा आला, तो पिऊन गेला.

तीन आठवड्यांनी रात्री साडेदहाला दारावर थाप. हाच मुलगा, चेहरा उतरलेला. त्याच्याच गल्लीतला बावीस वर्षांचा एक तरुण त्याचा पहिला ‘क्लायंट’ झाला होता. तो तरुण महिनाभर धड झोपला नव्हता, जेवण तुटलं होतं. कोचसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे त्याला ध्येयांची यादी करायला सांगितली, रोज सकाळी आरशात बघून स्वतःशी चार वाक्यं बोलायला सांगितली. आठवड्याने तो तरुण म्हणाला, मला तेवढंही जमत नाही, म्हणजे माझ्या जगण्यात काही अर्थच नाही.

“सर, आता मी काय बोलू त्याच्याशी?” माझा विद्यार्थी विचारत होता. त्याचे हात थरथरत होते.

त्या रात्री त्या तरुणाला एकटं ठेवलं नाही. सकाळी आम्ही दोघे त्याच्या अब्बांबरोबर त्याला ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन गेलो. १९०१ पासून उभी असलेली ही जागा, पण आमच्याकडे तिचं नाव अजून शिवीसारखं वापरतात. औषधं सुरू झाली. आज तो बरा आहे, कामावर जातो.

पण त्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याला रागावण्याचा अधिकार मला तरी कुठे होता? बी.एड.ला ‘मार्गदर्शन आणि समुपदेशन’ हा विषय मी चांगल्या मार्कांनी पास झालो आहे. व्याख्या पाठ, प्रकार पाठ. एकाही मुलासमोर बसून त्याचं अर्धा तास ऐकून घेण्याचा सराव मात्र कुणी करून घेतला नाही. जुनी वही काढली आणि वाचत गेलो.

‘कोच’ शब्दाची कुळकथा गमतीची आहे. हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे, तिथे पंधराव्या शतकात चांगल्या घोडागाड्या बनत. गावाचं नाव गाडीला लागलं. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षा पार करून देणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने ‘कोच’ म्हणू लागले, म्हणजे गाडीत बसवून पलीकडे नेणारा. तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला. १९७४ मध्ये टिमथी गॅलवे या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाने लिहिलं की खेळाडूचा खरा सामना त्याच्या स्वतःच्या मनाशी असतो, म्हणून सूचनांचा मारा कमी करा. पुढे ते ऑफिसात गेलं, घरात आलं. थॉमस लेनर्ड नावाच्या आर्थिक सल्लागाराने १९९२ मध्ये कोच घडवणारी संस्था काढली आणि १९९५ मध्ये इंटरनॅशनल कोच फेडरेशन स्थापन झालं. म्हणजे ‘लाइफ कोच’ हा संघटित पेशा माझ्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांपेक्षाही तरुण आहे.

या फेडरेशनचे नियम वाचून मी चकित झालो. त्यांच्या सर्वांत खालच्या पायरीच्या प्रमाणपत्राला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. सर्वांत वरच्या पायरीला २०० तास आणि २५०० तास. शिवाय उमेदवाराला दहा तास दुसऱ्या अनुभवी कोचसमोर बसावं लागतं. तो याचं काम ऐकतो आणि कुठे चुकलं ते सांगतो. समोरचा माणूस आजारी वाटला तर त्याला डॉक्टरकडे किंवा मानसतज्ज्ञाकडे पाठवा, हेही त्यांच्या नीतिनियमांतून आलेलंच आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये यातलं एक वाक्य माझ्या विद्यार्थ्याच्या कानावर पडलं नव्हतं. कायद्यानेही ते बंधनकारक नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. लाइफ कोचला कार्ड छापायचा खर्च लागतो.

दुसऱ्यासमोर बसण्याची ती अट मला ओळखीची वाटली. आपल्याकडे तिला सिलसिला म्हणतात.

खुलदाबादला बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे हे शागीर्द, दख्खनमध्ये आले, १३३७ मध्ये तिथेच वारले. मीर खुर्द यांनी ‘सियर-उल-औलिया’त त्यांचा एक प्रसंग नोंदवला आहे. वय झालेलं, अंग दुखायचं, म्हणून बुरहानुद्दीन कांबळं दुमडून त्यावर बसू लागले. कुणीतरी जाऊन निजामुद्दीनांना सांगितलं की हे आता गादी घालून शेख होऊन बसतात. मुर्शिद नाराज झाले, भेट नाकारली. शेवटी अमीर खुसरो मध्ये पडले, तेव्हा कुठे माफी मिळाली.

लहानपणी ऐकलेल्या या गोष्टीत मला मुर्शिदांचा कडकपणाच दिसायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा अन्यायही. म्हाताऱ्या माणसाने दुमडलेल्या कांबळ्यावर बसण्यात एवढं काय? आता वेगळं दिसतं. सूफी खानकाहीत माणसं आपलं मन घेऊन यायची: कर्ज, भांडण, भीती, पाप. ते ऐकून घेणाऱ्याला इजाजत लागायची, ती देणारा वर कुणीतरी असायचा आणि ती काढूनही घेता यायची. बैठकीत काय बोललं गेलं ते शागीर्द लिहून ठेवत, त्यालाच मल्फुजात म्हणतात. बुरहानुद्दीन यांच्या बोलण्याचीही अशी संकलनं झाली आहेत. या व्यवस्थेत पुढे गाद्या वारशाने चालू लागल्या, ताविजांची दुकानं झाली, हेही आपल्याला ठाऊक आहे. वरचा विचारणारा गेला की काय होतं, ते त्यातही दिसतं.

आता मुंबईकडे येतो, कारण आधुनिक मार्गदर्शनाचं काम भिवंडीपासून दोन तासांवर सुरू झालं होतं. १९०८ मध्ये अमेरिकेत बोस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी कामकरी आणि स्थलांतरित तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. त्याचं वारं मुंबईला लागलं. १९४१ मध्ये इथे बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्युरो निघाला, १९४७ मध्ये पारसी पंचायतीचा, १९५० मध्ये मुंबई सरकारचा. शाळांतल्या शिक्षकांना ‘करिअर मास्टर’ म्हणून तयार करण्याचं काम त्यातूनच पुढे आलं. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये मार्गदर्शनावर भर दिला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये निदान दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक तरी द्या असं सुचवलं. परीक्षेत हे मी तारखांसह लिहिलं होतं. पण माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत असा समुपदेशक आमच्या वर्गाच्या दारात उभा राहिलेला मी पाहिला नाही. ज्या पोरांचे आईवडील आझमगढ, मऊहून किंवा तेलंगणातून मागावर काम करायला आले, त्यांच्यासाठीच तर बोस्टनचं ते केंद्र निघालं होतं. रिकाम्या जागेत हॉटेलचे हॉल आले.

असं सगळंच निराशेचं नाही. आमच्या शेजारी ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. ‘वेध’सारख्या परिषदांतून त्यांनी करिअरचा विषय मराठी मुलांपर्यंत नेला. पण माझं मन जास्त रमलं ते मुंबईच्या कि. मो. फडके यांच्या कहाणीत. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना नव्हे, घटनेबद्दलचा आपला अट्टहासी विचार आपल्याला छळतो, हे तिचं सूत्र. आजचे अनेक कोच नाव न घेता तीच वापरतात. फडके यांनी ती वाचली आणि एलिस यांना पत्र लिहिलं. एलिस यांनी उत्तर दिलं. हा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. तेव्हा ईमेल नव्हता. प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी पोस्टमनची वाट बघायची. फडके नुसते शंका विचारत नव्हते, एलिस यांच्या मांडणीतल्या उणिवाही दाखवत होते आणि एलिस यांनी त्यांच्या काही सूचना मान्य केल्या. पुढे एलिस यांच्या संस्थेचे फेलो आणि सुपरवायझर होणारे ते पहिले भारतीय ठरले.

वरचा खालच्याला तपासतो, हे खुलदाबादच्या गोष्टीत आहे. मुंबईच्या गोष्टीत शिकणाराही शिकवणाऱ्याला तपासतो. दोन्ही ठिकाणी वर्षं लागली.

मी हे सगळं त्या मुलाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “सर, मागावर पण असंच असतं. मिस्त्री दोन-दोन वर्षं पोराला हातात पाना देतो, पण एकट्याला माग उघडू देत नाही. धागा तुटला तर जोडता येतो, पण मागाची सेटिंग बिघडली तर अख्खा बीम वाया जातो.” अब्बांच्या कारखान्यात तो लहानपणी कांड्या भरायला जायचा, ते मी विसरलोच होतो.

‘सर्टिफाइड’ शब्द त्याने कार्डावर काळ्या पेनाने खोडला आहे. उरलेली दीडशे कार्डं फेकायला मन होत नाही म्हणे. झोप न येणारा, जेवण तुटलेला, मरणाची भाषा करणारा कुणी आला की त्याने कोचिंग करायचं नाही. त्याच्या घरच्यांना गाठायचं, १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर लावून द्यायचा, ठाण्याला सोबत जायचं. एवढं आमचं ठरलं. बाकीच्यांशी काय बोलणं झालं ते तो नावं न लिहिता वहीत उतरवतो. ती वही दर पंधरा दिवसांनी ओळखीच्या एका समुपदेशक बाईंना दाखवायची. त्या पहिल्या भेटीत त्याला इतकं बोलल्या की तो परत जाणार नाही असं मला वाटलं होतं. गेला.

रविवारी दुपारी जोहरनंतर तो गल्लीतल्या एका खोलीत बसतो. फी नाही, कारण अजून १०० तास झालेले नाहीत, असं तोच सांगतो. मागच्या रविवारी आठ मुलं आली होती. पाच जणांना आयटीआयचा फॉर्म भरायचा होता, दोघांना शिष्यवृत्तीचा. आठवा कोपऱ्यात बसून राहिला, सगळे गेल्यावर बोलायला लागला.