घराच्या भिंतींचे लेपन व सजावट (हरसूल परिसर)

घराच्या भिंतींचे लेपन व सजावट म्हणजे पाऊस, ओल, धूळ व झीज यांपासून भिंतीचे रक्षण करण्यासाठी आणि ती शोभिवंत करण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर चढवलेले अंतिम आवरण होय. महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात असलेले हरसूल आणि त्याच्या आसपासचा आदिवासीबहुल डोंगराळ भाग येथे शेणमातीचा लेप, गेरू, चुना, डिस्टेंपर व इमल्शन अशी या आवरणाची जुनी-नवी रूपे आढळतात. शहरी घरांत रंगाला पर्याय म्हणून वॉलपेपर (भिंतकागद) वापरला जातो. रंग की वॉलपेपर ही निवड सामान्यतः शोभा व खर्च यांच्या आधारे केली जाते. तथापि जोरदार पावसाच्या प्रदेशात भिंत कशाची बांधली आहे आणि तिच्यातील ओल कोणत्या मार्गाने बाहेर पडते, यांवर ती मुख्यतः अवलंबून असते.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

हरसूल परिसर सह्याद्रीच्या डोंगररांगांत असून पालघर जिल्ह्यातील मोखाडा व जव्हार हे तालुके त्याच्या जवळ आहेत. येथे कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे येथे जोराचा पाऊस पडतो. वाऱ्याबरोबर येणाऱ्या झडीमुळे विशेषतः पश्चिम व दक्षिण बाजूंच्या भिंती भिजतात. त्यामुळे छपराची पुढे आलेली वळचण, उंच जोते आणि पावसाळ्यानंतर होणारी भिंतींची डागडुजी यांना येथील घरबांधणीत महत्त्व आहे.

पारंपरिक भिंत

सह्याद्रीच्या या पट्ट्यातील पारंपरिक घराची भिंत कुडाची असते. लाकडी खांबांच्या चौकटीत कारवीच्या काठ्या किंवा बांबूच्या कांबी उभ्या लावून त्या आडव्या पट्ट्यांना बांधतात. या ताटीला कूड म्हणतात. कारवी हे पश्चिम घाटात विपुल उगवणारे झुडूप असून ते साधारणपणे सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. त्याच्या सरळ व हलक्या काठ्या कुडासाठी उपयुक्त ठरतात.

कुडाला दोन्ही बाजूंनी माती व शेण यांच्या मिश्रणाचा लेप देतात. त्यात भाताचा भुसा किंवा गवताचे तुकडे मिसळल्यास लेप वाळताना कमी तडकतो. शेणातील तंतूही मातीला धरून ठेवतात. या कामाला लिंपणे, तर जमिनीवर शेणाचा पातळ थर देण्याला सारवणे असे म्हणतात. पावसाळ्यात लेप झिजतो, काही ठिकाणी गळून पडतो. म्हणून पाऊस ओसरल्यावर भिंती पुन्हा लिंपल्या जातात. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात.

शेणमातीचा लेप सच्छिद्र असतो. तो हवेतील बाष्प शोषतो व हवा कोरडी झाल्यावर सोडून देतो. भिंतीत शिरलेले पाणीही त्यातून बाष्परूपाने बाहेर पडते. लेप टिकाऊ नसला तरी त्याची दुरुस्ती घरच्या घरी, स्थानिक साहित्यातून होते. त्याची उणीव म्हणजे दरवर्षी लागणारे श्रम. शिवाय ओल जास्त राहिल्यास कुडाला वाळवी लागू शकते.

गेरू व चुना

लिंपलेल्या भिंतीवर गेरूचा हात देण्याची पद्धत जुनी आहे. गेरू ही लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस झालेली माती होय. पाण्यात कालवून ती कापडाच्या बोळ्याने किंवा कुंच्याने लावतात.

विटांच्या किंवा दगडी भिंतींना चुन्याची सफेदी देतात. कळीचा चुना पाण्यात विरवून गाळतात. तो भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा सरस आणि पांढरेपणा खुलावा म्हणून थोडी नीळ घालतात. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. भिंतीवर लावल्यानंतर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते. त्यामुळे चुन्याचा थर केवळ वाळत नाही, तर दगडासारखा घट्ट होतो. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही. चुन्याचा थर बाष्प अडवत नाही, हा त्याचा दुसरा गुण. हात लावल्यास पांढरा डाग लागणे व वारंवार सफेदी करावी लागणे हे त्याचे दोष होत.

वारली चित्रभिंत

वारली समाजात भिंत हा विधीचाही भाग आहे. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाष्ण स्त्रिया चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवीची आकृती असते आणि हा विधी धवलेरी या पुरोहित स्त्रीच्या गाण्यांसह पार पडतो. गेरू किंवा शेणमातीच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने हे चित्र काढतात. ते कायम टिकवण्याचा उद्देश नसतो. भिंत पुन्हा लिंपली की चित्र तिच्यात मिसळून जाते.

1970च्या दशकाच्या पूर्वार्धात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही चित्रे कागदावर उतरली व बाहेरच्या जगाला परिचित झाली. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी विधीच्या चौकटीबाहेर स्वतंत्र चित्रनिर्मिती केली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. आता वारली आकृत्या छापलेले वॉलपेपरही बाजारात मिळतात. लिंपणाबरोबर पुसले जाणारे चित्र आणि छापील, न बदलणारी नक्षी यांत केवळ साहित्याचा भेद नाही. पहिले घरातील प्रसंगाशी बांधलेले असते, दुसरी कोणत्याही भिंतीवर चिकटवता येते.

पक्की घरे व तयार रंग

इंदिरा आवास योजना, 2016 पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आणि महाराष्ट्र शासनाची शबरी आदिवासी घरकुल योजना यांमुळे ग्रामीण व आदिवासी भागांत विटा-सिमेंटच्या घरांची संख्या वाढली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर ठरवण्यात आले. सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंतीला वार्षिक लिंपणाची गरज उरत नाही. मात्र तिच्यात शिरलेले पाणी मातीच्या भिंतीइतक्या सहज बाहेर पडत नाही. आवरणाची निवड त्यामुळे अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

भारतात कारखान्यात तयार झालेल्या रंगांचा उद्योग विसाव्या शतकात वाढला. शालिमार पेंट्सची स्थापना 1902 मध्ये झाली. पुढे नेरोलॅक या नावाने ओळखली गेलेली कंपनी 1920 मध्ये मुंबईतील लोअर परळ येथे सुरू झाली. एशियन पेंट्सची स्थापना 1942 मध्ये मुंबईत झाली, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये रेखाटलेला ‘गट्टू’ हे या कंपनीचे दीर्घकाळ बोधचिन्ह होते.

घरगुती भिंतींसाठी पुढील प्रकार प्रचलित आहेत:

• डिस्टेंपर : खडूची भुकटी व बंधक यांपासून बनलेला स्वस्त रंग. ऑइल बाउंड डिस्टेंपर साध्या डिस्टेंपरपेक्षा अधिक टिकतो. आतील भिंतींसाठी वापरतात.
• सिमेंट रंग : पांढऱ्या सिमेंटची रंगीत भुकटी पाण्यात कालवून लावतात. बाहेरील भिंतींसाठी उपयुक्त. लावल्यानंतर त्यावर पाणी मारावे लागते.
• इमल्शन : पाण्यात विखुरलेल्या अ‍ॅक्रिलिक किंवा तत्सम बहुवारिकाचा रंग. बोलीभाषेत यास प्लास्टिक पेंट म्हणतात. ओल्या फडक्याने पुसता येतो.
• एनॅमल (ऑइल पेंट) : चकचकीत व धुण्याजोगा; मुख्यतः दारे, खिडक्या व लोखंडासाठी. भिंतीवर लावल्यास बाष्प जवळजवळ पूर्ण अडवतो.

वॉलपेपर

छापील भिंतकागद युरोपात सोळाव्या शतकापासून वापरात आला. ब्रिटनमध्ये 1712 मध्ये त्यावर कर बसवण्यात आला व 1836 मध्ये तो रद्द झाला. त्यानंतर यंत्रछपाईमुळे तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. एकोणिसाव्या शतकात त्यातील हिरव्या छटांसाठी आर्सेनिकयुक्त रंगद्रव्ये वापरली जात. ओलसर भिंतीवरील बुरशीमुळे अशा कागदातून विषारी वायू बाहेर पडतो, हे इटालियन शास्त्रज्ञ बार्तोलोमेओ गोसिओ यांनी 1890च्या दशकात दाखवले. आजच्या वॉलपेपरमध्ये ही रंगद्रव्ये नसतात. मात्र ओल, खळ व कागद एकत्र आल्यास बुरशी धरते, हे आजही खरे आहे.

वसाहतकालीन भारतात दमट हवा, उष्णता व वाळवी यांमुळे वॉलपेपर फारसा रुजला नाही. युरोपीय बंगल्यांतही सफेदीच अधिक प्रचलित राहिली. सध्या भारतात साधा कागदी, व्हिनाइलचा थर असलेला आणि न विणलेल्या तंतूंपासून बनवलेला (नॉन-वोव्हन) असे वॉलपेपरचे मुख्य प्रकार मिळतात. व्हिनाइल पुसता येतो व टिकाऊ असतो, परंतु तो बाष्प अडवतो. नॉन-वोव्हन प्रकारातून काही प्रमाणात बाष्प जाऊ शकते आणि तो काढतानाही सोपा जातो.

ओलीचा प्रश्न

भिंतीत ओल मुख्यतः तीन मार्गांनी येते: जमिनीतून वर चढणारी, पावसाच्या झडीने किंवा गळतीने आत शिरणारी आणि खोलीतील दमट हवेमुळे थंड भिंतीवर साचणारी. पाण्याबरोबर वीट व गिलाव्यातील क्षार पृष्ठभागावर येतात. पाणी उडून गेल्यावर ते पांढऱ्या पुडीसारखे उरतात. याला लोणा लागणे असे म्हणतात. वरचा थर बाष्प अडवणारा असेल, तर क्षार त्याच्या मागे साचतात. मग रंगाचे फुगे येऊन पोपडे पडतात. वॉलपेपर सांध्यांशी सुटतो व त्याच्या मागे काळी बुरशी पसरते. रंगातील दोष लगेच दिसतो, वॉलपेपरमागचा मात्र बराच काळ झाकलेला राहतो.

ओल ओळखण्याची एक सोपी पद्धत अशी : सुमारे एक फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतील बाजूस आल्यास ओल भिंतीतून, तर बाहेरील बाजूस आल्यास खोलीतील हवेतून येत असल्याचे समजते. भिंतीतून ओल येत असल्यास प्रथम गळती, वळचण किंवा जोते यांची दुरुस्ती आवश्यक असते. त्यावर कोणतेही आवरण चढवणे हा उपाय ठरत नाही.

सिमेंटचा नवा गिलावाही पूर्ण वाळू द्यावा लागतो; यासाठी किमान चार आठवडे थांबण्याची शिफारस केली जाते. हरसूलसारख्या भागात पावसाळ्यानंतरचा कोरडा काळ रंगकामास योग्य असतो. पारंपरिक लिंपणाचा काळही हाच आहे.

मोजमाप व खर्च

वॉलपेपरचा सर्वसाधारण रोल 0.53 मीटर रुंद व सुमारे 10 मीटर लांब असतो. त्याने सुमारे 57 चौरस फूट भिंत झाकली जाते. 10 फूट रुंद, 12 फूट लांब व 10 फूट उंच खोलीच्या भिंतींची एकूण लांबी 44 फूट (सुमारे 13.4 मीटर) होते. तिला 26 उभ्या पट्ट्या लागतात व एका रोलमधून अशा तीन पट्ट्या निघतात. म्हणजे दारे-खिडक्या वजा न केल्यास नऊ रोल लागतात. नक्षी जुळवताना जाणारा माल मोठा असल्यास एखादा अधिक. दार व खिडकी वजा केल्यास याच खोलीच्या भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे 400 चौरस फूट उरते. एक लिटर इमल्शनमध्ये दोन हातांत साधारण 60 ते 70 चौरस फूट भिंत होते असे धरल्यास सुमारे सहा ते सात लिटर रंग पुरतो. पुट्टी, प्रायमर व मजुरी यांचा खर्च वेगळा येतो.

टिकाऊपणाचा हिशेब करताना दुरुस्तीही धरावी लागते. रंगाचा खराब झालेला भाग खरवडून पुन्हा रंगवता येतो. वॉलपेपरची फाटलेली पट्टी बदलण्यासाठी मात्र त्याच छपाईचा रोल शिल्लक असावा लागतो.

आरोग्य

भिंतीवरील बुरशीमुळे दम्याचा व अ‍ॅलर्जीचा त्रास वाढू शकतो. जुन्या तेलरंगांत शिशाची संयुगे असत. खरवडताना उडणारी त्यांची धूळ लहान मुलांना विशेष घातक ठरते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये करण्यात आले व ते नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. रंग ताजा असताना त्यातून बाष्पनशील कार्बनी संयुगेही बाहेर पडतात, म्हणून रंगकामानंतर काही दिवस खोली हवेशीर ठेवणे इष्ट असते.

निवड

कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीवर शेणमाती, गेरू व चुना हीच आवरणे सुसंगत ठरतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा, तेलरंग किंवा व्हिनाइल यांनी बंद केल्यास ओल आत कोंडते व कूड कुजू लागतो. विटा-सिमेंटच्या घरात बाहेरून सिमेंट रंग किंवा बाहेरील वापराचे इमल्शन, तर आतून डिस्टेंपर किंवा इमल्शन वापरता येते. वॉलपेपर लावायचाच असल्यास पावसाची झड न लागणारी, दोन्ही बाजूंनी घरात असलेली कोरडी भिंत निवडणे योग्य असते; स्वयंपाकघर, न्हाणीघर व पश्चिमेकडील बाहेरची भिंत त्यासाठी टाळली जाते.

हे सुद्धा पहा

• हरसूल
• वारली चित्रकला
• जिव्या सोमा मशे
• कारवी
• गेरू
• चुना