नाट्यगृहाचा पगारी समीक्षक : लेसिंग आणि हँबर्ग (१७६७-१७६९)

नाटकांची निवड करणे, संहितेचा अभ्यास करून दिग्दर्शक व नटांना साहाय्य करणे आणि प्रयोगाचा अर्थ प्रेक्षकांना उलगडून दाखविणे, हे कार्य करणाऱ्या व्यक्तीस जर्मन रंगभूमीवर ‘ड्रामाटुर्ग’ म्हणतात. या पदाचा उगम सामान्यतः गॉटहोल्ड एफ्राइम लेसिंग (१७२९-१७८१) याच्या हँबर्ग येथील कार्यात मानला जातो. प्रस्तुत लेखात या पदातील मूळ अंतर्विरोधाचा विचार केला आहे.

हँबर्गचे राष्ट्रीय नाट्यगृह २२ एप्रिल १७६७ रोजी सुरू झाले. चालकांना लेसिंगकडून नवी नाटके हवी होती. ते बंधन त्याने नाकारले. तेव्हा सल्लागार व समीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली आणि तेथील प्रयोगांची चर्चा करणारे ‘हँबर्गिश ड्रामाटुर्गी’ हे नियतकालिक त्याने सुरू केले. ज्या संस्थेने वेतन द्यायचे, तिच्याच उणिवा जाहीरपणे दाखवायच्या, असा हा पेच होता. प्रमुख अभिनेत्री सोफी हेन्सेल हिने आपल्या अभिनयावरील टीकेस हरकत घेतली. पंचविसाव्या अंकानंतर नटांच्या अभिनयाची चर्चा जवळजवळ थांबली.

मात्र या माघारीतूनच लेसिंगचे लक्ष नाट्यतत्त्वांकडे अधिकाधिक वळले. व्होल्तेरच्या ‘सेमिरामिस’मधील भूत भर दिवसा, दरबारासमोर अवतरते, ते कोणालाच भिववीत नाही. उलट शेक्सपिअरच्या भुताची भीती हॅम्लेटच्या मनावरील आघातातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचते, हे त्याने आधीच दाखविले होते. पुढे ॲरिस्टॉटलच्या विवेचनातील भय म्हणजे स्वतःकडे वळलेली करुणाच होय, असा अर्थ लावून त्याने फ्रेंच अभिजाततावादी शोकात्मिकेच्या अधिकारालाच आव्हान दिले.

नाट्यगृह १७६९ मध्ये बंद पडले. चोरट्या आवृत्त्यांनी नियतकालिकालाही हानी पोहोचविली व १०४ अंकांनंतर ते थांबले. ग्रंथ टिकला, पदाचा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या ‘बर्लिनर आन्सांब्ल’मध्ये ब्रेख्तचे ड्रामाटुर्ग तालमींना बसत, नोंदी ठेवीत व सूचना करीत. टीका छापील पानावरून तालमीच्या खोलीत आली. प्रयोगानंतरचा निर्णय प्रयोगापूर्वीचा प्रश्न बनला.

सारांश, ड्रामाटुर्गचे सामर्थ्य केवळ विद्वत्तेवर अवलंबून नसून, त्याचा प्रतिकूल अभिप्राय ऐकून घेण्याची संस्थेची कितपत तयारी आहे यावरही अवलंबून असते, असे या इतिहासावरून दिसते.