मनिला येथील एक लहानसे वस्तुसंग्रहालय

श्रोतेहो, ३५ वर्षे मी शाळेत इतिहास शिकविला. स्पेनच्या साम्राज्याचा धडा आला म्हणजे कोलंबसाची सफर व सोन्यारुप्याने भरलेली गलबते यांचे वर्णन करून मी पुढे जात असे. फिलिपाईन्स बेटांसाठी फळ्यावर दोनच सन लिहीत असे : १५६५ आणि १८९८. या दोन आकड्यांमध्ये काय दडले आहे, हे मला कळले ते उतारवयात, मुलाच्या आग्रहावरून मनिलास गेलो तेव्हा.

तेथे पासिग नदीच्या मुखाशी सांतियागो नावाचा जुना स्पॅनिश किल्ला आहे. १९४५ च्या लढाईत त्याची फार नासधूस झाली. पुढे त्याची डागडुजी करण्यात आली. त्याच्या आवारात डॉक्टर होसे रिसाल यांचे स्मारक म्हणून एक वस्तुसंग्रहालय आहे. घटकाभरात पाहून व्हावे एवढेच ते. परंतु माझा पाय तेथून निघेना.

रिसाल यांचा जन्म १८६१ चा. ते नेत्रवैद्य होते. १८८७ मध्ये त्यांनी बर्लिन येथे ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी छापविली व तीत पाद्री आणि अधिकारी यांचा जुलूम उघडा केला. सरकारचा रोष झाला. १८९२ मध्ये त्यांना दूर दापितान येथे हद्दपार करण्यात आले. तेथेही या गृहस्थांनी रोगी तपासले आणि मुलांची शाळा चालविली! १८९६ च्या ऑगस्टात बंड उसळले. त्या उठावास त्यांची संमती नव्हती. तथापि लष्करी न्यायालयाने त्यांसच देहान्ताची शिक्षा फर्माविली.

अखेरच्या भेटीत त्यांनी बहिणीस एक लहानशी स्पिरिटची शेगडी दिली आणि आत काही आहे, असे इंग्रजीत हळूच सांगितले. हेतू हा की, पहारेकऱ्यांस उमगू नये. आत १४ कडव्यांची, मायभूमीचा निरोप घेणारी कविता निघाली.

कोठडीपासून वधस्थानाकडे ते ज्या वाटेने चालत गेले, त्या वाटेवर आज धातूची पावले बसविली आहेत. मी त्यांच्या कडेकडेने चाललो. त्यांवर पाय ठेववेना. ३० डिसेंबर १८९६ रोजी सकाळी त्यांस गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे ३५. बंदुका झाडणारे शिपाई फिलिपिनोच होते. आणि ते कचरल्यास त्यांच्यावर झाडावयास त्यांच्या पाठीशी स्पॅनिश शिपाई उभे होते!

श्रोतेहो, परकी सत्ता कशाच्या बळावर उभी असते, हे सांगावयास मला पूर्वी अर्धा तास लागे. या दोन रांगांत सारे आले. शेजाऱ्यावर बंदूक रोखणारा हात आपलाच असतो. त्याच्या मागे असते ते भय. मात्र पुढच्या दोन वर्षांतच स्पेनला ती बेटे सोडावी लागली. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहान्वये २ कोटी डॉलर घेऊन त्याने ती अमेरिकेच्या हवाली केली. लोकांचे स्वातंत्र्य तेव्हाही लांबलेच. ते १९४६ मध्ये मिळाले.

माझ्या शेकडो विद्यार्थ्यांनी ते दोन सन बिनचूक लिहून गुण मिळविले. त्यांना रिसाल यांचे नावही मी सांगितले नाही, ही रुखरुख मनात आहे. त्यांपैकी कोणी आज हे ऐकत असेल, तर त्याने आपल्या गुरुजींचा तो राहिलेला धडा आज पुरा झाला असे समजावे.