आदिलाबाद परिसरातील सिकलसेल : रक्ताचा इतिहास आणि प्रौढ रुग्णाचे मन

प्रस्तावना :
आदिलाबाद जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे आले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले. सीमा बदलल्या, तरी दोन्ही बाजूंच्या गोंड, कोलाम, परधान कुटुंबांची सोयरीक टिकून राहिली. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही सीमेच्या दोन्ही बाजूंस आढळतो. त्याच्या इतिहासात रक्ताची नोंद भरपूर आहे. प्रौढ रुग्णाच्या मनाची नोंद मात्र फार थोडी आहे.

रक्ताचा शोध :
शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी या विकाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. भारतात लेहमन व कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष नोंदविला. १९५८ मध्ये नागपूरहून मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध झाली. हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ चा, म्हणजे या शोधापूर्वीचा. रोग जुनाच होता. त्याला नाव नव्हते.

पुढे जनुकीय अभ्यासातून मध्य भारतातील व पूर्व सौदी अरेबियातील सिकलसेल जनुकाची ठेवण सारखी असल्याचे दिसून आले. त्यामुळे हा एखाद्या जमातीचा कलंक आहे, या समजुतीला शास्त्रीय आधार उरत नाही. वाहकांना तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडले होते.

शरीर आणि मन :
या आजारात डोळे पिवळे दिसतात, वाढ खुंटते, वयात येण्यास उशीर होतो. पुढे खुब्याचे हाड झिजून काहींना लंगडावे लागते. वेदनेचा झटका इतरांना दिसत नाही, पण कृश शरीर सर्वांना दिसते. शेतमजुरीवर पोट असलेल्या घरात अशा तरुणाला आळशी म्हटले जाते. मुलीच्या बाबतीत प्रश्न थेट लग्नाचा होतो. आपले शरीर इतरांसारखे नाही ही जाणीव, पुढच्या झटक्याची भीती व घरावर भार असल्याची भावना यांतून नैराश्य येते. वस्तुतः दोष आई व वडील दोघांकडून येतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकट्या आईला बोल लावणे अज्ञान आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट असून तपासणीनंतर कार्ड दिले जाते. सौदी अरेबियात २००४ पासून विवाहपूर्व तपासणी सक्तीची आहे. निर्णय मात्र वधू-वरांचाच राहतो.

निष्कर्ष :
कार्ड हे सल्ल्याचे साधन आहे. समुपदेशनाविना ते हाती पडले, तर तेच नकाराचा दाखला ठरू शकते. म्हणून तपासणी करणाऱ्याने रक्ताच्या थेंबाबरोबर रुग्णाची झोप, भीती व लाज यांचीही विचारपूस त्याच्या बोलीत, गोंडी, कोलामी, मराठी वा तेलुगूत, करणे आवश्यक आहे. असे झाले तरच रक्ताच्या या इतिहासात माणसाची नोंद होईल.